वणवा कुठं थांबतो

चंद्रपूरला परतले तेव्हा आईनं माझी पिशवी अंगणात उलटी केली. आधी राख पडली, मग मिरचीचं बी, मग उरलीसुरली चुरगळलेली पत्रकं.

"गणित शिकवाले गेलती का भट्टी लावाले?" तिनं विचारलं.

मला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. खरं तर तेच माझं काम आहे. गणितात एम. एस्सी. केलं आणि नोकरी शोधायची सोडून जंगलहक्काच्या लढ्याची पत्रकं लिहायला लागले. पत्रकात दोन बाजू असतात, आपली आणि त्यांची, आणि शेवटी उद्गारचिन्ह असतं. या प्रवासात मात्र तीन माणसांना गणित शिकवायला गेले आणि उद्गारचिन्ह कुठं द्यावं तेच कळेनासं झालं. म्हणून हे लांबण लावून लिहिते आहे.

तुमच्यापैकी बहुतेक जण आलापल्लीच्या पुढं गेलेले नसतात. नकाशात तो मुलूख हिरवा रंगवतात आणि बातम्यांत लाल. मध्ये माणसं राहतात, त्यांना ताप येतो, त्यांची भांडणं होतात, त्यातली काही पीएच.डी. करतात, याचा कुणाला पत्ता नसतो. याचा मला राग येतो. तो इथं एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढं शांतपणे लिहिता येईल.

अहेरी

आष्टीला वैनगंगा ओलांडली आणि खिडकीतला उजेड बदलला. मार्चातला साग पार उघडा झालेला होता. ताटाएवढी वाळकी पानं खाली पडलेली. बसच्या वाऱ्यानं ती उठायची, थोडं अंतर आमच्याबरोबर धावायची आणि दमून बसायची. कुठंतरी दूर जंगल जळत असणार, कारण हवेत एक निळसर पडदा होता आणि त्यातून पळसाची केशरी फुलं पाण्यात रंग सांडल्यासारखी विरघळत होती. मी झोपले नव्हते, पण जागी होते असंही म्हणवत नाही. आमच्याकडे दोरीवरच्या कपड्यांवर कोळशाची काळी धूळ बसते. इथं माझ्या बाहीवर पांढरी राख येऊन बसली, फुंकर मारायच्या आधीच उडूनही गेली.

वर्ग भरला बाजारपेठेतल्या एका कापडदुकानाच्या माळ्यावर. दुकान निसारभाऊंच्या काकांचं. निसार शेख अहेरीतच वाढलेले डॉक्टर. गावोगाव ताप कसा पसरतो याचा ते अभ्यास करतात. दुसरे श्रीनिवास, सिरोंच्याचे, गोदावरीतल्या माशांवर काम करणारे. तिसरी सुनंदा मडावी, समाजशास्त्राची. हेमलकशाच्या अलीकडच्या एका गावातली ती मुलगी मोहफुलं वेचणाऱ्या बायांवर प्रबंध लिहिते आहे. तिघांचेही विषय असे, की एक धागा ओढला तर भलतीकडेच काहीतरी हलतं. अशा गुंतागुंतीच्या व्यवस्थांचं गणित असतं हे तिघांनी वाचलं होतं आणि तिथंच तिघंही थांबले होते, म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं.

कापडाच्या गठ्ठ्यांना टेकून तिघं बसले. दाराच्या मागच्या बाजूचा फळा केला होता. मी एक अपूर्णांक लिहिला मात्र, निसारभाऊंची नजर खाली गेली. हा माणूस फणफणलेल्या लेकराच्या शिरेत सुई घालताना डगमगत नाही, आणि वर एक खाली दोन पाहून शरमतो! कुणी केलं हे? गणिताच्या तासाला ज्यांनी यांना बाकावर उभं केलं त्यांना माझ्यासमोर आणा.

"मॅडम, आपण सीधा फॉर्म्युला देऊन टाका," निसारभाऊ म्हणाले. "आमी आकडे भरतो."

"भरायला तो काय रेशनकार्डाचा अर्ज आहे? तुम्ही तापाचं सांगा. मी फळ्याला हातसुद्धा लावत नाही."

ते सांगू लागले. एका गावात एक आजारी, त्याच्यापासून डासांमार्फत आणखी कुणी. मी एवढंच विचारलं, एका आजाऱ्यामागं सरासरी एकाहून कमी नवे आजारी पडले तर पुढं काय होईल? त्यांनी बोटं मिटत नेली. "विझून जाईल." आणि एकाहून किंचित जास्त पडले तर? त्यांनी बोटं उघडली, उघडतच गेले, बोटं संपली. ते हाताकडं बघत राहिले.

"पण फरक तर जरासाच आहे यार," ते हळू म्हणाले.

"फरक जरासाच असतो. पण त्या जराशाच्या अलीकडचं जग वेगळं आणि पलीकडचं वेगळं. मधल्या रेषेला उंबरठा म्हणतात."

खाली आठवडी बाजाराचा गलका चालला होता. कोंबड्या, मिठाच्या पिशव्या, तेलुगू, गोंडी, हिंदी, सगळं एकत्र शिजून वर येत होतं. सुनंदा एकदम म्हणाली, "ताई, हे आगीले लागू होते का?"

आणि मग तिनं सांगितलं. तिच्या गावात जंगलातलं मोहाचं एकेक झाड एकेका घराचं असतं. फुलं टपकायच्या आधी ज्या त्या घरची बाई झाडाखालचा पाचोळा जाळते, म्हणजे पहाटे पडलेलं फूल काळ्या भुईवर दिसतं. गेल्या साली तिच्या आईनं, चैतीबाईंनी, लावलेली आग झाडाखाली राहिली नाही. मोठ्या जावेचा बांबू जळाला, दोन कुंपणं गेली. सुनंदा तिला मोठीमाय म्हणते. मोठीमायनं तेव्हापासून चैतीबाईंशी बोलणं टाकलं, आणि अर्धं गाव इकडं, अर्धं तिकडं झालं. आता मोह यायच्या आत ग्रामसभा बसणार होती. चैतीबाईंचं झाड काढून दुसऱ्या घराला द्यायचं का, हे ठरणार होतं.

"आईच्या सासूचं झाड आहे ते," सुनंदा म्हणाली. "मले प्रबंध नाई झाला तरी चालते. ते झाड गेलं नाई पायजे."

मी ताबडतोब पिशवीतून पत्रकांचा गठ्ठा काढला. ठळक अक्षरांत छापलेलं होतं: वणवा आम्ही लावत नाही! शहरातले लोक उठसूट म्हणतात आदिवासी जंगल जाळतात, त्यांच्या तोंडावर मारायला मी ते लिहिलं होतं.

सुनंदानं वाचलं. "लावतो ना वो ताई," ती म्हणाली. "आमीच लावतो."

सिरोंचा

श्रीनिवासचा हट्ट होता की दुसरा धडा त्याच्या नदीवर झाला पाहिजे. म्हणून आम्ही दक्षिणेला गेलो. रस्ता, जंगल, मग पुन्हा रस्ता, मग दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं गोल होत गेली आणि चहावाला तेलुगूत "चाय इव्वाला?", चहा देऊ का, म्हणाला. श्रीनिवासच्या आईनं नदीच्या माशाचं कालवण आणि भात वाढला. आमच्या घरी तिखट म्हणजे तर्री. इथं तिखट आतून येतं, आंबटाच्या मागं लपून.

जेवून आम्ही काठावर गेलो. वाटेत अंगणभर मिरच्या वाळत घातलेल्या, लाल, मखमली, उन्हात त्यांचा दर्प सुटलेला. मी मूर्खासारखी एक हातात घेतली, वास घेतला, आणि थोड्या वेळानं डोळा चोळला. पुढचा सगळा तास मी रडत शिकवला. धुण्याला आलेल्या बायांना वाटलं, या तिघांनी मिळून माझा काहीतरी छळ केला. एक बाई श्रीनिवासला तेलुगूत चांगलीच झापत होती.

"काय म्हणते?"

"म्हणते, शहरातून पोरगी आणली आन् रडवता काय रे." तो लाजला. "मेडमगारू, जरा हसून दाखवा ना."

पाण्यानं भरलेल्या डोळ्यांना गोदावरी जशी दिसली तशी पुन्हा दिसणार नाही. मैलभर वाळू, त्यात पाण्याचे डोह, निळे, हिरवे, एकेक चमकणारा. काही डोह बारीक धारांनी जोडलेले होते, काही एकटे. प्रवाह कुठून आला आणि कुठं चालला हेच समजेना. सगळी नदी झोपेत कूस बदलावी तशी पसरलेली.

श्रीनिवास सांगत होता की उन्हाळाभर पाणी रोज थोडंथोडं उतरतं, पण मासे थोडेथोडे कमी होत नाहीत. बरेच दिवस काहीच होत नाही. मग अचानक वरच्या अंगाचे मासे खाली दिसायचेच बंद होतात. त्याला वाटायचं, आपणच नीट मोजत नाही.

"उतरताना पाणी काय तोडतं?" मी विचारलं.

"डोह नाई तोडत. डोहामधल्या धारा तोडते."

"सगळ्या?"

तो उकिडवा बसला. वाळूत बोटानं डोह काढले, धारा काढल्या. मग एकेक धार पुसू लागला. पुसली, तरी मासा दुसऱ्या वाटेनं जात होता. आणखी पुसली, तरी जात होता. आणि एक अशी धार आली, की ती पुसल्यावर या टोकाचं त्या टोकाला काहीच लागेना.

निसारभाऊ माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. "अरे, हा तर माझा ताप आहे," ते म्हणाले.

"हा माझा पाचोळा आहे," सुनंदा म्हणाली.

ताप, मासा आणि आग एकाच आकृतीत कशी मावतात? पुस्तकात मी हे किती वेळा वाचलं होतं. पण तिथं, त्या भुरकट उन्हात, तीन वेगळी माणसं वाळूतल्या एकाच रेघेकडं बोट दाखवत होती, आणि मला वाटलं, आपण कुणाच्या तरी स्वप्नात आलो आहोत आणि ते स्वप्न बऱ्यापैकी नीट रचलेलं आहे. असलं वाक्य मी पत्रकात लिहिलं असतं तर आमच्या संघटनेनं मला घरी पाठवलं असतं.

सुनंदाचं गाव

गावाचं नाव लिहीत नाही. भांडण घरातलं आहे. आलापल्लीहून पूर्वेला वळलो, पक्का रस्ता कच्चा झाला, कच्च्या रस्त्याची पायवाट झाली. आणि मग तो वास आला, गोड, जरा आंबूस, दुपारच्या झोपेसारखा जड. मोहाच्या कळ्या फुगल्या होत्या. फुलं अजून टपकायला लागली नव्हती. आमच्या वस्तीत मोह म्हटलं की फक्त दारू आठवते, आणि बुद्धविहारात त्यावर भाषणं होतात. इथं चैतीबाईंनी गेल्या सालची वाळकी मोहफुलं भाजून, तिळात कुटून मला दिली. मनुका आणि धूर एकत्र खाल्ल्यासारखं लागलं. मी तीन वेळा मागून घेतलं.

"भाषण देनाऱ्यायले बी घेऊन जाय थोडी," चैतीबाई म्हणाल्या. बारीक, चपळ बाई. हसताना तोंडावर हात घ्यायच्या. पण हसून झालं की त्यांची नजर कुंपणापलीकडं जायची. तिथं मोठीमायचं घर होतं. त्या अंगणात मोठीमाय आमच्याकडं पाठ करून टोपली विणत बसली होती. ती पाठ दिवसभर वळली नाही.

ग्रामसभा दुसऱ्या दिवशी दुपारी, चिंचेखाली. सभा सुरू व्हायच्या आधी सुनंदानं भूमियांकडून परवानगी मागून घेतली. भूमिया म्हणजे गावदेवाचं बघणारे म्हातारबाबा, सभेत शेवटचा शब्द त्यांचा. "खेळ आहे बाबा," ती म्हणाली. भूमियांनी बिडी कानावर खोचली. "खेळा. मोह काई आज टपकत नाई."

रात्री आम्ही चौघांनी हा खेळ ठरवला होता. संगणक असता तर पडद्यावर चौकटी काढून दाखवल्या असत्या. माझ्या लॅपटॉपनं अहेरीतच मान टाकली होती. म्हणून माणसांच्याच चौकटी करायच्या. लोकांनी ओळींत उभं राहायचं. ज्याच्या पायाशी कागद, त्याच्याकडं पाचोळा. कागद नाही, तिथं मोकळी भुई. एका टोकाच्या माणसानं खाली बसून आग लावायची. पुढचा, मागचा, डावा, उजवा, यांच्यापैकी ज्याच्याकडं पाचोळा त्याला आग लागते आणि तो खाली बसतो. कागद कुठून आणायचे, हा प्रश्न सुनंदानं माझ्या पिशवीत हात घालून सोडवला.

"ही पत्रकं आहेत!" मी ओरडले.

"वाळली आहेत ना? मंग पाचोळाच झाला."

पहिल्या डावाला चैतीबाईंच्या बाजूचे लोक आले. मोठीमायच्या बाजूचे लांब पारावर बसून बघत राहिले. सुनंदा गोंडीत समजावत होती, माझ्यासाठी मध्येच मराठीत. थोडेच कागद वाटले. आग लावायला चैतीबाईंनाच पुढं केलं. पारावरून कुणीतरी बोललं, "तिलेच येते ते काम!" आणि त्या बाजूला हशा झाला.

चैतीबाईंच्या पायाशी माझं पत्रक होतं. त्यांनी ते उचललं. "काय लिवलं याच्यात?"

मला वाचून दाखवावं लागलं. "वणवा आम्ही लावत नाही."

"आँ? मंग कोन लावते?" त्यांनी मलाच विचारलं, अगदी मनापासून. आता दोन्ही बाजू हसल्या.

आग लागली, एकदोघं बसले, विझली. कागद वाढवले. पुन्हा चैतीबाईंनीच लावली, थोडी पुढं गेली, विझली. आणखी जरासे कागद वाढवले, आणि या वेळी आग वाकडीतिकडी वाट काढत थेट पलीकडच्या टोकाला जाऊन पोचली. शेवटचा गडी बसला तेव्हा पारावरचं हसू थांबलं होतं.

"आता सगळे या," मी म्हटलं. "सगळ्यांना कागद." सगळ्यांकडं पाचोळा, म्हणजे सगळंच पेटणार. तो धाक दाखवूनच मला डाव संपवायचा होता.

पारावरचे उतरले. मोठीमायसुद्धा आली, पदर खोचून. पण ओळी काही जमेनात. चैतीबाईंची माणसं डाव्या अंगाला, मोठीमायची उजव्या अंगाला, आणि मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत बैलगाडी जाईल एवढी मोकळी पट्टी. मी हात वर करून ओरडत सुटले, "सरका! जवळ या! जाळी तुटते आहे!" कुणी तसूभर हललं नाही. वर्षभर ज्या माणसाशी बोललो नाही त्याच्या खांद्याला खांदा लावून कोण उभं राहणार? माझा पारा चढला. एक साधा खेळ नीट खेळता येऊ नये? निसारभाऊंनी मला बाजूला घेतलं. "जाऊ द्या मॅडम. होऊन राह्यलं ते होऊ द्या."

चैतीबाईंनी आग लावली. डावी बाजू गवतासारखी आडवी होत गेली. शेवटची ओळ बसली, आणि आग त्या मोकळ्या पट्टीच्या काठावर येऊन उभी राहिली. पुढं जायला शेजारीच नव्हता. उजवी बाजू सगळीच्या सगळी उभी. मोठीमाय खाली बसलेल्या जावेकडं बघत होती.

"माही बाजू तं वाचली," ती म्हणाली. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

सुनंदा पट्टीच्या मधोमध येऊन उभी राहिली. "काऊन वाचली, मोठीमाय?"

"मधात जागा होती ना."

"आग कोनं लावली?"

"तुह्या मायनं."

"पयल्या डावात कोनं लावली होती?"

"तिनंच."

"तवा विझली. लावनारी तीच, काडी तीच. मंग फरक कायचा पडला?"

वारा आला, माझी पत्रकं चिंचेखाली सरपटत गेली. कुणी ती गोळा केली नाहीत. मी मनातल्या मनात शिवी हासडली ती स्वतःलाच, कारण मी जी चूक म्हणून ओरडत होते तेच उत्तर होतं, आणि ते माझ्या पुस्तकात नव्हतं, माझ्या पत्रकात तर नव्हतंच. ते या गावाच्या अबोल्यानं आखून दिलं होतं.

मग खरी सभा झाली, आणि ती खेळाइतकी गोड नव्हती. वारा ठिणगी उडवतो त्याचं काय, असं एकानं विचारलं. खरं होतं. पट्टी किती रुंद हवी हे गणित सांगत नाही, मी कबूल केलं. त्यांनी आपसात वाद घालून उभ्या बांबूच्या लांबीवर ठरवलं. एक जण शेवटपर्यंत म्हणत राहिला की झाड काढूनच घ्या. त्याचा स्वतःचा त्या झाडावर डोळा होता, हे सुनंदानं मला नंतर सांगितलं. भूमियांनी कानावरची बिडी पेटवली, आणि काडी थुंकीनं विझवून खिशात टाकली.

"झाड जिचं तिचंच राहीन," ते म्हणाले. "पन मोहाखालची आग कोनी एकटं लावनार नाई. आधी दोघायच्या मधातला पाचोळा झाडायचा. जिचं झाड अन् जिचा बांबू, दोघीयनं मिळून. मंगच काडी."

चैतीबाईंनी तोंडावर हात घेतला. या वेळी त्या हसत नव्हत्या.

पट्टी

पहाटे आम्ही जंगलात गेलो. झाडांमधून दुधाळ उजेड उतरत होता, पायाखालची पानं इतकी मोठ्यानं वाजत होती की बोलायचं धाडस होत नव्हतं. चैतीबाईंचं झाड प्रचंड, काळपट बुंध्याचं, फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस. त्यांनी झाडाकडून खराटा धरला. बांबूच्या बेटाकडून, धुक्यात, दुसरा खराटा ऐकू येत होता. दिसत कुणी नव्हतं.

मलाही एक खराटा मिळाला. लवकरच तळहाताला फोड आला. गणित शिकवून कधी आला नव्हता. श्रीनिवास आणि निसारभाऊ पानांचे ढीग टोपलीनं बाजूला नेत होते. सुनंदा मागं उभी होती, हातात काही नाही. बघण्याखेरीज तिला काही सुचत नव्हतं.

खर्र, खर्र. एक आवाज इकडून, एक तिकडून. मधला पाचोळा कमी होत गेला. मग धुक्यातून आधी खराट्याचं टोक आलं, मग मोठीमायचे पाय. दोघी समोरासमोर थांबल्या. मध्ये आता झाडण्यासारखी हातभर पानं उरली होती.

मोठीमाय जावेच्या खराट्याकडं बघत राहिली. त्याच्या काड्या पार झिजल्या होत्या.

"चैते, दांडाच उरला वो त्याचा," ती म्हणाली, आणि आपला खराटा पुढं केला. "हा घे."

"अन् तू?"

"तू झाड. मी गोटे उचलतो."

मागं कुठंतरी टप्प असा आवाज झाला. पहिलं फूल असावं. दोघींपैकी कुणीही वळून पाहिलं नाही. हातभर काम बाकी होतं.